प्लेटमागचा माणूस

"त्याचा बॉल दिसत नाही रे, नुसता ऐकू येतो," हबर्ट म्हणाला आणि त्यानं मिठाची कुपी टेबलावरून सर्रकन फेकली. कॉफीच्या कपांमधून वाट काढत ती लायनसच्या बशीवर आपटली आणि आडवी झाली. "अस्सा! कळायच्या आत."

लायनसनं कुपी उभी केली. सांडलेलं मीठ गोळा करायला हात पुढे केला, तर मीठ एकीकडे आणि त्याची बोटं बोटभर अलीकडे कोऱ्या टेबलावर फिरत राहिली. त्यानं हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. कुणाचं लक्ष नव्हतं.

रविवारची प्रार्थना आटोपली की सेंट ओथो गावातली निम्मी पुरुषमंडळी मेर्नाच्या खानावळीत येऊन बसत. आज तर उभं राहायला जागा नव्हती. दुपारी दोनला मड लेक गावाशी बेसबॉलचा सामना होता. जिंकेल ते गाव राज्यस्पर्धेला जाणार होतं, आणि मड लेककडे या उन्हाळ्यात रिकी ऑस्टर नावाचा, चेंडू फेकणारा एक वीस वर्षांचा पिचर उगवला होता.

"ताशी पंचाण्णव मैल," हबर्ट सांगत होता. "मी परवा मुद्दाम जाऊन बघून आलो. शहरातल्या मोठ्या क्लबचा माणूस त्याला हेरायला आला होता. त्याच्याकडं वेग मोजायचं यंत्र होतं, बंदुकीसारखं. मी त्याच्या खांद्यावरून आकडा वाचला."

"ते यंत्र तुझ्या जिभेपुढं धरायला हवं होतं," सिल म्हणाला. सिल्व्हेस्टर गावचा न्हावी. चाळीस वर्षांतल्या प्रत्येक सामन्याचा निकाल त्याला तोंडपाठ होता. "मोडलं असतं बिचारं."

"हस, हस. मी क्लेम वॉर्नरचे बॉल झेललेत. एकावन्न सालचा अख्खा उन्हाळा. हे बघ." हबर्टनं उजवा हात टेबलावर पसरला. पाच बोटं पाच दिशांना. फलंदाजामागं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरची बोटं. "ग्लोव्हमध्ये मी मांसाचा तुकडा घालायचो, तळहात फुटू नये म्हणून. पाचव्या डावापर्यंत त्याचा खिमा."

"आणि तो खिमा तुझी आई संध्याकाळी पानात वाढायची म्हणे," कॉफी ओतता ओतता मेर्ना म्हणाली. सगळे खो खो हसले. हबर्टही हसला.

"पण क्लेमपेक्षा हा वेगवान आहे," तो म्हणाला. "देवाशपथ. क्लेमचा बॉल निदान निघताना दिसायचा."

"वेगाचं कौतुक पुरे झालं," सिल हळू आवाजात म्हणाला. "वॉल्टर डिंगमन आठवतोय ना?"

आठवत नसलेला तिथं कुणी नव्हता. एकोणपन्नास साली वॉल्टरच्या कानशिलावर चेंडू बसला. वाळक्या भोपळ्यावर काठी मारावी तसा आवाज आला. वॉल्टर उठला, हसला, कपडे झटकून पहिल्या बेसवर चालत गेला. उरलेला सामना खेळला. मंगळवारी सकाळी गोठ्यात गेला तो तिथंच पडला. लायनस तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि त्या दिवशी वॉल्टरच्या पाठोपाठ त्याचीच पाळी होती.

"तेव्हा हेल्मेट कुठं होती?" हबर्ट म्हणाला. "आणि अंपायर कोण, तर पोस्टातला तो पियक्कड. पिचर डोक्यावर फेकतोय हे त्याला दोन डाव आधी कळायला हवं होतं." मग त्यानं आपला वाकड्या बोटांचा जड हात लायनसच्या पाठीवर ठेवला. "आज आमचा पॉल चौथ्या नंबरला खेळणार आहे. त्याची आई मेणबत्त्या लावत बसलीय. मी तिला म्हटलं, प्लेटमागं लायनस आहे, तू कशाला घाबरतेस?"

लायनस हसला. त्यानं कॉफीचा कप बाजूला सरकवला.

लायनस फेल्डहाउस त्रेसष्ट वर्षांचा होता. चौतीस वर्षं तो गावच्या शाळेचं बॉयलर, फरशा आणि खिडक्या सांभाळत होता. गावात चाळिशीच्या आतला असा माणूस नव्हता, ज्याची ओकारी त्यानं कधी ना कधी लाकडाचा भुसा टाकून झाडली नव्हती. या कामाबद्दल लोक त्याला मान देत असतील-नसतील. पण उन्हाळ्यात दर रविवारी तो निळा शर्ट घालून, छातीला गादी बांधून, तोंडावर जाळी चढवून होमप्लेटमागं वाकून उभा राहिला की गोष्ट वेगळी होती. अठ्ठावीस उन्हाळे तो अंपायर होता. चेंडू जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवरून, म्हणजे प्लेटवरून, छातीच्या खालून गेला तर स्ट्राइक, नाही तर बाहेर. त्यानं एकदा म्हटलं की म्हटलं. स्वतःच्या गावाविरुद्ध त्यानं इतक्या वेळा निकाल दिला होता की बाहेरची गावंही सामन्याला तोच अंपायर मागत. आजचा सामना सेंट ओथोच्या मैदानावर असूनही मड लेकनं दुसरं नाव सुचवलं नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी चर्चच्या भिंतीवरच्या फळीवर गाण्यांचे आकडे लावलेले होते. त्यातला मधला आकडा लायनसला दिसेना. त्यानं डावा डोळा झाकला, उजवा झाकला. आकडा होता तिथं तेलकट बोट पुसल्यासारखा डाग. नजर जरा बाजूला नेली की आकडा दिसे. त्याच्याकडं बघावं तर गायब. मग शाळेच्या झेंड्याचा खांब मधोमध वाकडा दिसायला लागला. शहरातल्या डॉक्टरनं डोळ्यांत औषध घालून बराच वेळ तपासलं आणि म्हणाला, "दोन्ही डोळ्यांचं मधलं जाणार. कडेचं राहील. पूर्ण आंधळे नाही होणार तुम्ही. पण जिथं बघाल नेमकं तेच दिसणार नाही."

"चष्मा?" लायनसनं विचारलं होतं.

डॉक्टरनं मान हलवली होती.

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. शाळेत अडत नव्हतं. फरशा त्याला पाठ होत्या. मैदानावर त्यानं एक युक्ती काढली. चेंडू बघायचाच नाही. ग्लोव्ह कुठं थांबला, आवाज कसा आला, फलंदाजाचं अंग कसं हललं, यावरून ठरवायचं. गावच्या लीगमधले पिचर म्हणजे दिवसभर गवत कापून आलेले लोक, त्यांचा चेंडू निवांत येई. जून निभावला. पण दोन आठवड्यांपूर्वी खांद्याइतक्या उंच चेंडूला तो स्ट्राइक म्हणून गेला. हे त्याला कळलं ते फलंदाजाच्या चेहऱ्यावरून. तो पोरगा क्षणभर थांबला, मग बॅट खांद्यावर टाकून निघाला. आपल्या माणसांना जाता जाता म्हणाला, "लायनसकाका म्हणतात म्हणजे असेल." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून लायनसला नीट झोप नव्हती.

घरी रोझेलानं निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घातला होता. तिनं त्याच्यापुढं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज ठेवलं. तो काटा फिरवत राहिला.

"खा ना."

"मेर्नाकडं ॲपल-पाय खाल्ला."

"तुला ॲपल-पाय आवडत नाही." ती समोर बसली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज चढलेला त्यानं फारसा ऐकला नव्हता. आत्ताही चढला नाही. "लायनस, एप्रिलपासून गाडी मी चालवतेय. तू म्हणालास गुडघा दुखतो. पण सामन्यात तीन तास वाकून उभा राहतोस. तेव्हा नाही दुखत?"

त्यानं काटा खाली ठेवला.

"धुवायच्या पँटच्या खिशात मला डोळ्यांच्या डॉक्टरचं कार्ड मिळालं. मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून."

"सांगणार होतो."

"किती दिसतं?"

"तू दिसतेस." त्यानं तिच्या कानाकडं बघत म्हटलं. तसं बघितलं की तिचा चेहरा कडेनं नजरेत येई.

"मी बॉल नाहीये. वेनला सांग. तो दुसरा अंपायर आहे ना? बेसजवळ तू उभा राहा, प्लेटमागं त्याला राहू दे."

"आज? राज्यस्पर्धेसाठीचा सामना, आणि दोनला दहा मिनिटं असताना मी सांगू की मला दिसत नाही? म्हणजे जूनमधले सगळे निकाल..." त्यानं बशी बाजूला सारली. "आजचा होऊ दे. आजचा झाला की मी सगळ्यांना सांगतो."

रोझेला उठली. त्याची बशी तिनं उचलली नाही. "तिथं पॉल उभा राहणार आहे," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "त्याच्या धाकटीला अजून चालता येत नाही."

बाहेर जुलैचं ऊन होतं. शर्टाची बटणं त्याला चाचपून लावावी लागत होती. त्यानं ते रोझेलाला दिसू नये म्हणून पाठ फिरवली.

लाकडी स्टँड भरून वाहत होता. मैदानाच्या कुंपणापलीकडं मक्याचं शेत माणसाच्या उंचीला आलं होतं. गावचा पिचर अडतीस वर्षांचा. त्याचे चेंडू असे यायचे की मध्ये थांबून वाट विचारतायत की काय. ते लायनसनं निभावले. मग डाव पालटला आणि रिकी ऑस्टर मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर चढला. लांब हाताचा, लालसर मानेचा पोरगा. लायनस कॅचरच्या मागं वाकला.

त्यानं नजर जरा डावीकडं ठेवली. हात वर गेलेला दिसला, पाय उचललेला दिसला. मग काहीच नाही. आणि त्या काहीच-नाहीतून फट्! ग्लोव्हचा असा आवाज आला की त्याचे डोळे जाळीमागं मिटले.

स्टँडमधून 'ओऽऽ' झालं आणि मग सगळे एकदम शांत. सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत होते.

"स्ट्राइक!" तो ओरडला. आवाज नेहमीचाच निघाला. पाठीवरून घामाची एक धार थेट कमरेपर्यंत गेली.

"अरे पोरांनो, डोळे उघडा, बॉल गेला!" स्टँडमधून सिल ओरडला.

"उघडून काय उपयोग? दिसला तर ना!" हबर्टचा आवाज. लोक हसले.

दोन फलंदाज गेले. लायनस मध्येच खेळ थांबवून, लोकांकडं पाठ करून, खाली वाकून छोट्या ब्रशनं प्लेट झाडायचा. प्लेट स्वच्छच होती. त्याला श्वास घ्यायला तेवढे चार क्षण हवे असत. दर वेळी उठताना वाटे, आता सांगावं. दर वेळी तो जाळी खाली ओढून घेई.

दुसऱ्या डावात पॉल आला. हबर्टचा धाकटा. एकतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, चाळीस गायींचं दूध काढून आलेला. "काय काका," तो म्हणाला. दोन स्ट्राइक झाले; आणखी एक, की बाद. तिसऱ्या चेंडूला पॉल हललाच नाही. ग्लोव्ह थांबला तो मधे होता की बाजूला, लायनसला सांगता येईना. मड लेकचा कॅचर जेरोम हाताचा इतका चपळ होता की बाहेर आलेला चेंडू झेलता झेलता आत आणत होता.

"स्ट्राइक तीन!"

पॉलनं मान वळवली. "काका, तो तिथं होता?"

"होता," लायनस म्हणाला.

पॉलनं मान डोलावली. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि लायनसशी तर नाहीच. तो प्लेटच्या बाहेरच्या कडेकडं बघत बघत परत गेला.

तिसऱ्या, चौथ्या डावात ऑस्टर बिथरायला लागला. एकदा सरळ मधोमध आलेल्या चेंडूला लायनस 'बाहेर' म्हणाला होता, आणि पोरानं दोन्ही हात पसरून आकाशाकडं बघितलं होतं. आता कुठं टाकावं हेच त्याला कळेना. तो आणखी जोरात टाकू लागला. स्टँडमागं बसलेला शहरातला माणूस आपल्या यंत्रावर आकडे बघून वहीत लिहीत होता. ग्लोव्हचा आवाज दर डावात मोठा होत होता. एक चेंडू जेरोमच्या ग्लोव्हला निसटता लागून लायनसच्या कानाजवळून मागच्या जाळीवर आदळला, आणि तो गेला हे लायनसला जाळी हलल्यावर कळलं. तो पाऊलभर मागं सरकला.

जेरोमनं वळून न बघता विचारलं, "लायनस, बरं आहे ना?"

"खेळ."

पुढचा चेंडू आला. फट्! लायनस तोंड उघडणार, तेवढ्यात जेरोम ओठ न हलवता पुटपुटला, "बाहेर."

स्वतःच्या पिचरविरुद्ध. लायनस क्षणभर थांबला. "बाहेर!" तो ओरडला.

त्याच्या पुढचा. "आत," जेरोम पुटपुटला.

"स्ट्राइक!"

शेजारच्याच्या वहीतून उत्तर उतरवणाऱ्या पोरासारखं त्याला झालं. शाळेत असली पोरं त्यानं खिडक्या पुसताना पाहिली होती, आणि कधी कुणाचं नाव बाईंना सांगितलं नव्हतं. जेरोमही सांगणार नव्हता. या विचारानं हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. समोरच्या गावच्या माणसालाही कळलं होतं.

पाचव्या डावात दोन बाद झाले आणि पॉल पुन्हा आला. या वेळी 'काय काका' म्हणाला नाही. मातीत पाय रोवले. लायनसच्या डोळ्यांचं मधलं गेलं होतं, पण खालचं सगळं शाबूत होतं. त्याला पॉलचे बूट स्पष्ट दिसले. नेहमीपेक्षा वीतभर पुढं. बुटांची टोकं प्लेटला टेकत आली होती, आणि त्याचं डोकं प्लेटच्या वर झुकलं होतं.

तो इतका पुढं का उभा राहिलाय?

मग लायनसला कळलं. त्यानं बाहेरच्या चेंडूला स्ट्राइक म्हटलं होतं, म्हणून. तो चेंडू परत आला तर बॅट पोचावी, म्हणून. लायनसकाका म्हणाले तिथं होता, म्हणजे तिथं येणार, म्हणून.

खेळ थांबवायला त्यानं उजवा हात उचलला. हात छातीपर्यंत आला. थांबवून काय सांगायचं? पॉल, मागं सर? का, म्हणून विचारलं तर? समोर ऑस्टरचा पाय हलला होता. लायनसचा हात पुन्हा गुडघ्यावर गेला.

पोराचा हात वर गेला. मग काहीच नाही.

या वेळी आवाज ग्लोव्हचा नव्हता.

पॉल कुशीवर पडला होता. हेल्मेट घरंगळत जेरोमच्या पायाशी आलं, त्याची एक बाजू तडकली होती. गालाच्या हाडावर कातडी फाटली होती आणि रक्त मातीत उतरत होतं. स्टँडमधून एकच किंकाळी आली, पॉलच्या आईची, आणि मग इतकी शांतता की मक्याची पानं वाजलेली ऐकू येत होती. लायनस गुडघ्यांवर बसला. "पॉल," तो म्हणाला. "पॉल, अरे." पॉलचे डोळे अर्धवट उघडे होते. ते बघतायत की नाही हे लायनसला दिसत नव्हतं. त्यानं पॉलच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता.

हबर्ट कुंपण ओलांडून आला. सत्तरीजवळच्या त्या जाड माणसानं ते कसं ओलांडलं कुणास ठाऊक. "ए पोरा!" तो ऑस्टरकडं बोट करून ओरडला. "मुद्दाम मारलंस! निकाल आवडले नाहीत म्हणून माझ्या मुलाच्या डोक्यावर फेकलास!"

ऑस्टर अर्ध्या वाटेपर्यंत आला होता. त्याचा ग्लोव्ह कुठं तरी पडला होता. "मी नाही... मी नेहमीसारखाच... तो तिथं कसा आला..."

"हाकल त्याला!" हबर्ट लायनसकडं वळला. "नियम आहे ना? मुद्दाम मारलं की बाहेर, आणि राज्यस्पर्धेलाही बंदी. हाकल. तू बघितलंस!"

"हाकला त्याला!" स्टँडमधून आवाज उठायला लागले. "बाहेर काढा!"

एका शब्दाचं काम होतं. कुणी शंका घेतली नसती. लायनसनं तोंडावरची जाळी काढली. ऑस्टरकडं त्यानं नजर वळवली. चेहऱ्याच्या जागी डाग होता, कडेनं दोन थरथरणारे हात दिसत होते.

"मी बघितलं नाही, हबर्ट."

"काय नाही बघितलंस? तुझ्या नाकासमोर झालं!"

"नाकासमोरचंच दिसत नाही मला. मार्चपासून."

लायनसला आता मागचे लोक ऐकू शकतील एवढ्या मोठ्यानं बोलावं लागलं, कारण हळू बोललं असतं तर आवाज फुटला असता. "मघाशी पॉलला बाद दिलं तो बॉल बाहेर होता. मी स्ट्राइक म्हटलं. म्हणून तो आत्ता पुढं सरकून उभा राहिला. या पोराचा काही दोष नाही. त्याला प्लेट कुठं आहे हेच मी कळू दिलं नाही. चूक माझी आहे."

जेरोम खाली मान घालून हातातलं तडकलेलं हेल्मेट फिरवत होता.

हबर्टनं एक पाऊल पुढं टाकलं. लायनसला वाटलं, आता मारणार. मारावं, असंच वाटलं. पण खाली पॉल पुटपुटला, "कितवा डाव?" आणि हबर्ट धाडकन मुलापाशी बसला.

"पाचवा, बाळा. पाचवा."

"बरं," पॉल म्हणाला. मग थोड्या वेळानं, "कितवा डाव?" स्ट्रेचर येईपर्यंत त्यानं तेच सहा वेळा विचारलं. वॉल्टर डिंगमनही त्या दिवशी उठून बसला होता.

रुग्णवाहिका गेली. लायनसनं जाळी, ब्रश आणि चेंडूंची थैली वेनच्या हातात दिली. वेन काही तरी बोलायला गेला. लायनसनं मान हलवली आणि तो स्टँडकडं चालू लागला. कुणी ओरडलं नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर चाललं असतं. पायऱ्यांवर त्याचा अंदाज चुकला आणि कुणी तरी कोपराला धरलं. कोण ते त्यानं बघितलं नाही. रोझेलानं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो बसला. अठ्ठावीस वर्षांत तो इथं पहिल्यांदा बसत होता.

"पायाकडं बघ," ती म्हणाली. "बुटाची नाडी सुटलीय."

ऑस्टरला त्यानंतर एकही चेंडू प्लेटवर टाकता आला नाही. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो; असे तीन फलंदाज त्यानं पुढं जाऊ दिले आणि मग स्वतःच हात वर करून आपल्याला काढायला सांगितलं. शहरातल्या माणसानं यंत्र पेटीत ठेवलं, पण तो लगेच गेला नाही. ऑस्टरच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. सेंट ओथो तीन-दोननं जिंकलं. कुणीही गाडीचा हॉर्न वाजवला नाही.

"घरी?" गाडीत बसल्यावर रोझेलानं विचारलं.

लायनसनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, मग आठवून खाली घेतलं. "पाच वाजले का?"

"वाजून गेले."

"पॉलच्या गायी."

तिनं गाडी वळवली.

शेतावर पॉलची तिन्ही मुलं शेजारणीबरोबर ओट्यावर बसली होती. रोझेला त्यांच्याकडं गेली, धाकटीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात शिरली. लायनस गोठ्याच्या दारात उभा राहिला. आत दूध काढायच्या यंत्राची धडधड चालू होती. हबर्ट इस्पितळातून परत आला होता. गायींना थांबता येत नाही. मैदानावरचाच शर्ट, बाहीवर रक्त वाळलेलं. तो वाकून एका गायीच्या आचळांना यंत्र लावत होता आणि त्याची ती वाकडी बोटं नळ्यांवरून घसरत होती.

त्यानं लायनसला बघितलं आणि पुन्हा यंत्राकडं वळला. क्षमा मागायचं वाक्य वाटेत शंभर वेळा जुळवलं होतं, ते गोठ्याच्या दारात कुठं गेलं कळेना. भिंतीशी कोमट पाण्याची बादली आणि फडकी होती. त्यानं बाह्या वर केल्या, फडकं पिळलं, आणि पहिल्या गायीजवळ बसून तिची कास धुवायला लागला. हे काम लहानपणी त्यानं बापाच्या गोठ्यात केलं होतं. याला डोळे लागत नव्हते. तो धुवत पुढं जाई. मागून हबर्ट यंत्र लावत येई. दहा गायी झाल्या. पंधरा झाल्या.

रोझेला दारात आली. "पॉलच्या बायकोचा फोन होता. गालाचं हाड मोडलंय. मेंदूत रक्त नाही म्हणाले." ती जरा थांबली. "आत्ता त्यानं तिन्ही मुलांची नावं बरोबर सांगितली."

हबर्टनं कपाळ गायीच्या अंगाला टेकवलं आणि बराच वेळ तसाच राहिला. लायनसच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. ते पुन्हा शोधायला त्याला दोन्ही हात घालावे लागले.

तो उठून पुढच्या गायीकडं निघाला. ऊन तिरपं होऊन गोठ्यात आलं होतं आणि रांगेच्या टोकाला सगळं उजळून पांढरं दिसत होतं.

"लायनस."

दुपारपासून हबर्टनं त्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. आवाजात माया नव्हती. रागही संपलेला नव्हता.

"ती शेवटची काळी लाथ मारते," हबर्ट यंत्राकडं बघत म्हणाला. "डाव्या अंगानं जा."

लायनस डावीकडून गेला. त्यानं काळीच्या पाठीवर हात टेकवला आणि तिला त्याचा स्पर्श ओळखीचा होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग खाली बसला.